पिकांच्या आंकड्यांतील दोष व त्यांचें निवारण

शेतीचा हिशेब वहींत ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे तोच हिशेब संगणकावर चढूं लागला आहे. सभासदांच्या पेरणीच्या तारखा, गांवोगांवचा पाऊस, एकरीं उतारा, खतांचा खर्च इत्यादि आंकडे संस्थांच्या कचेरींत तक्त्यांच्या रूपानें जमा होतात, आणि त्यांवरून कोणतें वाण बरें, कोणत्या आठवड्यांतील पेरणी साधली, असले निर्णय केले जातात. हे निर्णय पुढच्या हंगामांत शेंकडों एकरांवर अंमलांत येतात. म्हणून ज्या आंकड्यांवर ते उभारलेले असतात ते निर्दोष आहेत कीं नाहींत हें पाहणें हा केवळ कारकुनी प्रश्न नव्हे. त्यांत बियाण्याचा पैसा व वर्षाची मेहनत गुंतलेली असते. संगणकावर आंकडे हाताळतांना नेहमीं आढळणारे दोष कोणते, ते कसे ओळखावे व कसे दूर करावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संख्याशास्त्र आणि शेती यांचा संबंध आजचा नाहीं. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू आहेत. तेथें साठलेल्या आंकड्यांचा अर्थ लावण्यासाठीं १९१९ मध्यें रोनाल्ड फिशर या गणितज्ञाची नेमणूक झाली, व त्या कामांतूनच शेतावरील प्रयोगांची आंखणी करण्याच्या आधुनिक पद्धतीचा पाया घातला गेला. हल्लीं अशा कामासाठीं जगभर वापरली जाणारी ‘आर’ नांवाची संगणक-भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोघां अध्यापकांनीं १९९० नंतरच्या वर्षांत तयार केली. तिची १.० ही आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते, म्हणून संस्थांना व शिकणाऱ्या मुलांना सोईची आहे. या लेखांतील आज्ञा त्या भाषेंतल्या आहेत. परंतु येथें सांगितलेले बहुतेक दोष दुसऱ्या कोणत्याहि भाषेंत किंवा एक्सेलच्या तक्त्यांतहि आढळतात.

हे दोष दोन जातींचे असतात. कांहीं बोलके असतात. यंत्र अडून बसतें व तक्रार करतें. कांहीं मुके असतात. आज्ञा बिनबोभाट चालते, उत्तरहि येतें, पण तें चुकीचें असतें. नवशिका मनुष्य पहिल्या जातीला भितो. वास्तविक भ्यावें तें दुसऱ्या जातीला. उभ्या शेतांतलें तण डोळ्यांना दिसतें तरी. बियाण्यांत मिसळलेलें तण पेरून उगवल्यावरच कळतें.

मूळ तक्ता जपावा

सभासदांकडून आलेला मूळ तक्ता कधींहि खोडूं नये. त्याची प्रत काढावी व काम प्रतीवर करावें. दुरुस्तीहि हातानें न करतां आज्ञांच्या रूपानें लिहून ठेवावी, म्हणजे कोणता आंकडा कां बदलला हें पुढें कोणासहि पाहतां येतें. हातानें बदललेला आंकडा मागें कसलीच खूण ठेवीत नाहीं.

तक्ता वाचून घेतल्याबरोबर सरासरी काढण्यास लागूं नये. प्रथम ‘एसटीआर’ ही आज्ञा द्यावी. तिनें तक्त्यांत ओळी किती आहेत, आणि प्रत्येक रकाना संख्येचा आहे, अक्षरांचा आहे कीं तारखेचा, हें दिसतें. नंतर ‘समरी’ ही आज्ञा द्यावी. तिनें संख्येच्या प्रत्येक रकान्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आंकडा, सरासरी, आणि किती घरें कोरीं आहेत हें समजतें. एकरीं उताऱ्याच्या रकान्यांत ऋण संख्या, किंवा पावसाच्या रकान्यांत एका दिवसाचे ९९९९ मिलिमीटर, असले प्रकार येथेंच उघडे पडतात.

कोरें घर आणि शून्य

सर्वांत घातक घोटाळा शून्याचा आहे. समजा, पांच सभासदांच्या सोयाबीनचा एकरीं उतारा क्विंटलांत असा नोंदला आहे: ८, १०, ०, कोरें घर, आणि ६. शून्य नोंदलेल्या सभासदाचें पीक अतिवृष्टीनें साफ गेलें. कोरें घर असलेल्यानें आंकडा कळविलाच नाहीं. या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. कोरें घर वगळून चौघांची सरासरी काढली तर ती ६ क्विंटल येते. कोऱ्या घरांत कोणी शून्य भरलें तर पांच जणांची सरासरी ४.८ होते. उलट, शून्य म्हणजे नोंदच नाहीं असें समजून तेंहि गाळलें तर तिघांची सरासरी ८ वर जाते. शेत तेंच, वर्ष तेंच, पण ४.८, ६ आणि ८ अशीं तीन उत्तरें! यांपैकीं दिलेल्या नोंदींस धरून असलेलें उत्तर ६ हेंच होय.

‘आर’ भाषेंत कोऱ्या घरास ‘एनए’ अशी खूण आहे. ज्या रकान्यांत अशी एक जरी खूण असेल त्याची सरासरी ‘मीन’ या आज्ञेनें मागितली, तर उत्तरहि ‘एनए’ असेंच येतें. पुष्कळांस हा यंत्राचा हट्ट वाटतो. परंतु एक आंकडा ठाऊक नसतां सर्वांची सरासरी ठाऊक आहे असें न म्हणणें हा प्रामाणिकपणाच आहे. ‘एनए डॉट आरएम’ ही सूचना जोडली म्हणजे यंत्र कोरीं घरें वगळून सरासरी देतें. मात्र ती सूचना जोडण्यापूर्वीं घर कोरें कां राहिलें याची चौकशी करावी. ज्याचें पीक बुडालें तो मनुष्य आंकडा कळविण्यास नाखूष असतो. असे लोक वगळले गेले कीं उरलेल्यांची सरासरी वाजवीपेक्षां फुगते, आणि तिच्या भरंवशावर एखादें वाण नसतें चांगलें ठरतें.

कांहीं नोंदवह्यांत कोऱ्या घराऐवजीं -९९ किंवा ९९९९ असा संकेत लिहिण्याची रीत आहे. तक्ता वाचतांनाच हा संकेत कोऱ्या घराचा आहे असें यंत्रास सांगावें. न सांगितल्यास तें त्या आंकड्याची इतरांबरोबर इमानें इतबारें बेरीज करील.

संख्येचीं अक्षरें होतात

रकान्यांतील शंभर घरांत आंकडे असले आणि एकाच घरांत ‘८ क्विं.’ असें लिहिलें, तर यंत्र तो सबंध रकाना अक्षरांचा मानतें. लाखाच्या आंकड्यांतील स्वल्पविरामामुळेंहि तसेंच होतें. अशा रकान्याची सरासरी निघत नाहीं, म्हणून हा दोष बोलका आहे. पण त्याचीच एक बाजू मुकी आहे. अक्षरें म्हणून क्रम लावला असतां १० हा ९ च्या आधीं येतो, कारण १ हें अक्षर ९ च्या आधीं आहे. ‘सर्वांत अधिक उतारा ९ क्विंटल’ असें उत्तर आलें व तक्त्यांत १४ क्विंटलची नोंद डोळ्यांस दिसत असली, तर दोष येथें शोधावा.

मराठींत नोंदी ठेवणारांस आणखी एक अडचण येते. ‘आर’ भाषा देवनागरी अंकांना संख्या म्हणून स्वीकारीत नाहीं. त्यांचे संख्येंत रूपांतर करण्यास सांगितलें असतां घर कोरें करते व तसा इशारा देते. पायथन नांवाची दुसरी भाषा मात्र तेच अंक स्वीकारते. उपाय सोपा आहे: अक्षरांच्या जागीं अक्षरें घालणाऱ्या ‘सी-एच-ए-आर-टी-आर’ या आज्ञेनें दहाहि देवनागरी अंक प्रथम इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे, स्वल्पविराम काढावे, आणि मग रूपांतर करावें. रूपांतरापूर्वीं किती घरें कोरीं होतीं व नंतर किती झालीं हें मोजावें. संख्या वाढली असेल तर तीं वाढलेलीं घरें एकेक करून पाहावीं.

‘आर’ च्या जुन्या आज्ञावल्यांत ‘फॅक्टर’ म्हणून एक प्रकार भेटतो. एप्रिल २०२० मध्यें ४.० ही आवृत्ति येईपर्यंत अक्षरांचा रकाना वाचतांना तो आपोआप या प्रकारांत घातला जाई. यांत यंत्र प्रत्येक निराळ्या शब्दास अनुक्रमांक देऊन ठेवतें. समजा, अशा रकान्यांत १२, ७ व २५ हे आंकडे अक्षरें म्हणून आले. अक्षरांच्या क्रमानें १२ पहिला, २५ दुसरा व ७ तिसरा. आतां या रकान्याचें सरळ संख्येंत रूपांतर केलें तर १२, ७, २५ यांच्या जागीं १, ३, २ येतात, आणि यंत्र अवाक्षर काढीत नाहीं. म्हणून फॅक्टरचें रूपांतर आधीं अक्षरांत व मग संख्येंत, असें दोन पायऱ्यांनीं करावें.

तारखांचा घोटाळा

६/७ ही तारीख आपल्याकडे ६ जुलै. अमेरिकन रीतीनें ती ७ जून. पेरणी मृगांतली कीं आर्द्रा सरून पुनर्वसु लागतांनाची, एवढा फरक या दोन वाचनांत पडतो, आणि पेरणीच्या वेळेचा उताऱ्यावर काय परिणाम झाला हेंच शोधावयाचें असेल तर सारी तुलना फुकट जाते. यंत्रास दोन्ही तारखा सारख्याच शक्य वाटतात. यावर उपाय एकच: तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें व वर्ष चार अंकी लिहावें, २०२३-०६-१५ या लेखनाचा दुसरा अर्थ होत नाहीं.

कधीं कधीं तारखेच्या रकान्यांत ४५०९२ असा विचित्र आंकडा दिसतो. तो निरर्थक नसतो. एक्सेल तारखा दिवसांच्या संख्येनें मोजतें व १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरतें. ‘आर’ १ जानेवारी १९७० हा शून्य दिवस धरते. ४५०९२ म्हणजे एक्सेलच्या हिशेबीं १५ जून २०२३. तोच आंकडा ‘आर’ च्या आरंभापासून मोजला तर १६ जून २०९३ निघते. एक्सेलनें १९०० हें लीप वर्ष नसतां तें तसें धरलें आहे. त्यामुळें ‘आर’ मध्यें अशा आंकड्यांची तारीख काढतांना आरंभ ३० डिसेंबर १८९९ हा सांगावा लागतो.

याच्या उलट, जी तारीख नाहीं तिची तारीख होते. गट नंबर १२/३ एक्सेलच्या घरांत लिहून पुढें सरकलें कीं तेथें १२ मार्च किंवा ३ डिसेंबर होऊन बसतो, आणि कोणत्या जमिनीची ती नोंद होती हें मागाहून सांगतां येत नाहीं. हा उपद्रव शास्त्रज्ञांसहि इतका झाला कीं, मनुष्याच्या जनुकांपैकीं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखीं नांवें तारखांत बदलतात म्हणून त्यांचीं नांवें ठरविणाऱ्या मंडळानें २०२० मध्यें तीं बदलल्याचें जाहीर केलें. आपल्यास गट नंबर बदलतां येत नाहींत. म्हणून तो रकाना भरण्यापूर्वींच अक्षरांचा म्हणून ठरवून ठेवावा.

नांवें आणि तक्त्यांची जोडणी

एका तक्त्यांत सभासदांचा उतारा व दुसऱ्यांत गांवांचा पाऊस असला, तर गांवाच्या नांवावरून दोन्ही जोडावे लागतात. ‘मर्ज’ ही आज्ञा तें काम करते. पण तिला नांवें तंतोतंत सारखीं लागतात. एकीकडे ‘कऱ्हाड’ व दुसरीकडे ‘कराड’ असें असलें, अथवा नांवाच्या शेवटीं न दिसणारी मोकळी जागा राहिली, तर जोड लागत नाहीं. मराठींत आणखी एक छुपा भेद आहे. ‘ऱ्ह’ हें जोडाक्षर संगणकांत दोन रीतींनीं सांठवलें जातें: एकींत खालीं टिंब असलेला ऱ असतो, दुसरींत साधा र व एक अदृश्य जोडखूण असते. डोळ्यांस दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्रास ते निराळे.

जोड न लागलेल्या ओळी ‘मर्ज’ मुकाट्यानें गाळते. उलट, पावसाच्या तक्त्यांत एखादें गांव चुकून दोनदां आलें असेल, तर त्या गांवच्या प्रत्येक सभासदाची ओळ दुप्पट होते. मूळ ४० सभासदांपैकीं एका गांवचे सहा गळाले व दुसऱ्या गांवचे सहा दुप्पट झाले, तर ओळी पुन्हां ४० च भरतात. यास्तव नुसत्या ओळी मोजून भागत नाहीं. जोडणीपूर्वीं ‘युनिक’ या आज्ञेनें दोन्ही तक्त्यांतील गांवांचीं नांवें काढून समोरासमोर लावावीं, व जोडणीनंतर ‘डुप्लिकेटेड’ या आज्ञेनें कोणता सभासद-क्रमांक दोनदां आला हें पाहावें. त्याहून उत्तम म्हणजे नांवावर न विसंबतां क्रमांकानें जोडावें. २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक खेड्यास सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. वडगांव व पिंपळगांव नांवाचीं गांवें जिथें पावलोपावलीं आहेत, तिथें त्याचा उपयोग विशेष.

एकर, गुंठे आणि टिंब

दोन एकर वीस गुंठे जमीन आपण ‘२.२०’ अशी लिहितों. आपल्या वाचनांत चूक नाहीं. परंतु यंत्र त्या टिंबास दशांशचिन्ह समजतें. एकराचे गुंठे ४०, म्हणून खरें क्षेत्र २.५ एकर. त्यांत २५ क्विंटल धान्य झालें असेल तर एकरीं उतारा १० क्विंटल. यंत्र मात्र २५ ला २.२० नें भागून ११.३६ सांगतें. क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेलें असेल तर हा दोष येत नाहीं, कारण हेक्टराचे आर १०० असतात. यामुळेंच दोन्ही रीतींच्या नोंदी एका रकान्यांत मिसळल्या तर निवड करणें अशक्य होतें. एकर व गुंठे यांचे रकाने वेगळे ठेवावे, गुंठ्यांस ४० नें भागून एकरांत मिळवावें, आणि रकान्याच्या शिरोभागीं माप स्पष्ट लिहावें.

संशयित आंकड्याचें काय करावें

येथवर सांगितलेल्या दोषांना निश्चित उपाय आहेत. परंतु एखादा आंकडा चुकीचा आहे असें नुसतें वाटत असेल तर काय करावें? या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण मननीय आहे. मिनेसोटा राज्यांत १९३१ व १९३२ या दोन वर्षीं सहा ठिकाणीं जवाच्या दहा वाणांचा प्रयोग झाला. म्हणजे एकूण १२० आंकडे. इमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ते १९३४ मध्यें प्रसिद्ध केले, फिशरनें १९३५ च्या आपल्या ग्रंथांत त्यांचा उपयोग केला, आणि पुढें ते विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा नेहमींचा विषय झाले. १९९३ मध्यें विल्यम क्लीव्हलंड या संख्याशास्त्रज्ञानें ते चित्ररूपानें मांडले. पांच ठिकाणीं एकंदरीनें १९३१ चें उत्पन्न १९३२ पेक्षां अधिक होतें. एकट्या मॉरिस येथें क्रम उलटा होता. यावरून मॉरिसच्या नोंदींत दोन वर्षांची अदलाबदल झाली असावी असें अनुमान त्यानें काढलें. अनुमान इतकें सरळ होतें कीं तें अनेकांस पटलें.

पुढें २०१३ मध्यें केव्हिन राइट या अभ्यासकानें त्या भागांतील आणखी वर्षांचे उतारे व हवामानाच्या नोंदी धुंडाळल्या. एका ठिकाणचें वर्ष इतरांपेक्षां उलटें जाणें हें स्थानिक हवामानानेंहि घडूं शकतें, व मॉरिसच्या आंकड्यांत चूक मानलीच पाहिजे असें नाहीं, असा अभिप्राय त्यानें दिला. एका शिवारांत पाऊस पडतो व बांधापलीकडचें शिवार कोरडें राहतें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. ध्यानांत धरण्याची गोष्ट अशी कीं, मूळ आंकडे कोणीं बदलून टाकले नव्हते म्हणूनच ही फेरतपासणी होऊं शकली. ‘आर’ बरोबर येणाऱ्या ‘लॅटिस’ नांवाच्या संचांत ते आंकडे ‘बार्ली’ या नांवानें आजहि जसेच्या तसे मिळतात. शिकणाऱ्यानें ते अवश्य काढून पाहावे.

यावरून नियम असा निघतो. चित्र काढून संशय घ्यावा, परंतु संशयावरून दुरुस्ती करूं नये. आंकडा विचित्र दिसला तर मूळ कागद पाहावा, सभासदास विचारावें, शक्य तर शेतावर जावें. लेखी पुरावा मिळाला तर दुरुस्ती करून कारण लिहावें. पुरावा न मिळाल्यास आंकडा तसाच ठेवून शेजारच्या रकान्यांत संशयाची खूण करावी, आणि तो धरून व तो वगळून अशी दोन्ही सरासरी काढावी. दोहोंनीं निर्णय एकच होत असेल तर प्रश्न मिटला. निर्णय बदलत असेल, तर एका आंकड्यावर उभा असलेला तो निर्णय सभासदांस सल्ला म्हणून देण्याइतका पक्का झालेला नाहीं, असें उघड सांगावें व आणखी एक हंगाम वाट पाहावी.

ज्या संस्था यंदाच्या हंगामाचे आंकडे गोळा करीत आहेत त्यांस आमची सूचना आहे कीं, त्यांनीं आधीं नोंदीचा नमुना सुधारावा: सभासदाचा व गांवाचा क्रमांक, चार अंकी वर्ष, एकर व गुंठे वेगळे, मापाचा स्पष्ट उल्लेख, आणि ‘पीक गेलें’ व ‘माहिती मिळाली नाहीं’ यांसाठीं दोन निराळीं घरें. असा कागद हातीं असला म्हणजे वर सांगितलेले पुष्कळसे दोष उद्भवणारच नाहींत. आणि सभासदांनींहि, पीक बुडालें असलें तरी, आपला आंकडा अवश्य कळवावा. शेजाऱ्यानें पुढील वर्षीं कोणतें बीं पेरावें हें ठरविण्यांत त्या शून्याचेंहि मोल दहा क्विंटलांइतकेंच आहे.